चेंबरमधलं पिवळं बूच

"सगळे बोल्ट एकदम काढू नकोस. मागचे आधी ढिले कर, म्हणजे तेल एका कडेनं उतरेल," उलट्या बादलीवर बसलेला एल्डन म्हणाला.

"तेच करतोय हो," पिकअपखालून जावयाचा, डॅरिलचा आवाज आला.

"करत असशील. मला दिसतंय कुठं?"

एल्डन स्ट्रूपनं ओहायोतल्या त्या गावात एकतीस वर्षं घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले होते. लोकांच्या इतक्या लबाड्या पाहिल्यावर तो कुणावर विश्वास ठेवीनासा झाला, आणि गॅरेजवाल्यांवर तर मुळीच नाही. गाडीचं सगळं काम घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं. यंदा मात्र गुडघे संपावर गेले, आणि जावई आपण होऊन धावत आला. रविवारची मॅच सोडून! हेच एल्डनला खटकत होतं. मुलीनं, रोंडानं, मंगळवारी त्याच्या स्मरणशक्तीची तपासणी ठरवली होती आणि त्यानं ती साफ धुडकावली होती. तिथं नापास झालं की गाडीची किल्ली जाते आणि किल्ली गेली की माणूस घरात पडून राहतो, हे काय त्याला कळत नव्हतं? हा डॅरिल तिचाच हेर असणार.

"गिअरचं तेल याआधी कधी बदललं होतंत?" डॅरिलनं विचारलं.

झाली परीक्षा सुरू!

"दोनदा. तेलही आणि फिल्टरही. पहिल्या वेळी माझ्या मोज्यांवर सांडलं सगळं. तुझी सासू मेव्हिस त्या दारात उभी राहून पोट धरून हसत होती. आणखी काय सांगू, तिच्या झग्याचा रंग?"

डॅरिलनं उरलेले बोल्ट काढले. त्यानं गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं चेंबर खाली उतरवलं. तेल लाल राहिलं नव्हतं, करपलेल्या कॉफीसारखं झालं होतं. चेंबरमधल्या चुंबकावर लोखंडाच्या भुकटीचा लगदा साचला होता. डॅरिलनं तेलात बोटं घातली, काहीतरी उचललं आणि गुपचूप खिशात टाकलं.

"ए! काय लपवलंस?"

"कुठं काय. कचरा आहे."

"कचरा कुणी खिशात घालतं होय? काढ बाहेर."

डॅरिलनं नाइलाजानं हात पुढे केला. तळव्यावर प्लास्टिकचं पिवळं बूच होतं.

एल्डन बघतच राहिला. गाडी जोडताना कारखान्यातले लोक तेल मोजायच्या पट्टीच्या भोकावरचं हे बूच आत ढकलून देतात आणि चेंबर पहिल्यांदा उघडेपर्यंत ते तळाशी पडून राहतं. अशा गाड्या स्वतः दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना हे माहीत असतं. हे चेंबर आजवर कुणी उघडलंच नव्हतं.

"तू घरून आणलंस हे," एल्डन ओरडला. "रोंडानं शिकवलं ना तुला? मेव्हिसनं बघितलंय मला हे करताना. इथं, याच गाडीखाली!"

डॅरिल हात पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "एल्डन, ही गाडी घेतली तेव्हा मेव्हिसना जाऊन वर्ष झालं होतं."

एल्डननं दाराकडं पाहिलं. ते हसू खरं होतं, मोजेही खरे होते. पण ती आधीची निळी गाडी होती. एवढी वर्षं त्यानं मेव्हिसला या गाडीजवळ उभं केलं होतं. त्याला फार एकटं वाटलं.

"तुम्हाला कळू नये म्हणूनच खिशात घातलं मी," डॅरिल म्हणाला.

"माहीत आहे. पॅकिंग नीट बसव."

नवा फिल्टर बसला. निघालं होतं तेवढंच नवं तेल दुधाच्या रिकाम्या कॅननं मोजून भरलं. एल्डन स्टिअरिंगपाशी बसला आणि ब्रेक दाबून एकेक गिअर टाकत गेला. चालू इंजिनावर डॅरिलनं तेलाची पट्टी ओढून पाहिली.

"बरोबर आहे. आता एक चक्कर मारून या, म्हणजे परत बघू."

एल्डन खाली उतरला. बॉनेटला हात टेकत टेकत तो गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला.

"तू चालव," तो म्हणाला. "आणि मंगळवारी किती वाजता निघायचंय, ते रोंडाला विचारून ठेव."

चौदा वर्षांत तो त्या बाजूला कधी बसला नव्हता. सीटचा पट्टा कुठून ओढायचा, ते त्याला डॅरिलनं दाखवलं.