सेटल म्हणजे

बेंबळीच्या बलभीमला त्या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक होता. घराच्या पायात मुरूम भरला, पाणी मारलं, चार दिवस गेले, की गवंडी म्हणायचा, "झाला सेटल. आता हलत न्हाय."

म्हणजे: जागच्या जागी बसणं.

म्हणून धाराशिवच्या कोर्टाच्या आवारात आरिफ वकील म्हणाले, "काका, आज मध्यस्थीला बसायचंय, सेटल करून टाकू," तेव्हा त्याच्या डोळ्यापुढं लेक आली. राजेश्वरी. वर्ष झालं माहेरी येऊन. आता येरमाळ्याला सासरी जाईल आणि बसेल जागच्या जागी.

"लई बरं होईल," तो म्हणाला.

"पोरीला विचारलं ना?"

"इचारलं की. म्हणली, व्हय आण्णा, मला सेटल व्हायचंय."

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती.

*

पण चहाच्या टपरीवर एक म्हातारा कुणाला तरी सांगत होता, "थोरला पुण्यात सेटल झाला. आता गावाकडं फिरकत न्हाय."

बलभीमनं बशी खाली ठेवली. जो निघून गेला, तो सेटल?

असेल. पुण्याकडं तसं म्हणत असतील.

*

खोलीत एक टेबल, भोवती खुर्च्या. समोर जावई कृष्णराज, त्याची आई कडूबाई आणि त्यांचा वकील. मधे मध्यस्थ मॅडम.

"दोन्ही बाजूंना सेटल करायचंय?"

"होय," आरिफ वकील.

"होय," समोरचा वकील.

"आमचं तर पैल्यापासनं तेच म्हणणं हाय," कडूबाई पदर सावरत म्हणाल्या.

कृष्णराजनं मान हलवली. राजेश्वरीनं हलवली. बलभीमनं तर दोनदा हलवली.

मॅडम हसल्या. "एवढं एकमत मी या खोलीत पाहिलं नव्हतं."

बलभीमचे डोळे भरून आले. "विहीणबाई, मग कधी नेता?"

"काय?"

"पोरीला."

"आवं, न्यायचं तुमी! कपाट, भांडी, गादी. सोडचिठ्ठी झाल्यावर तुमची भांडी ठिवून मी काय दुकान घालू?"

"कुणाची सोडचिठ्ठी?"

 सगळेच एकदम बोलले.

"काका, काका," आरिफ वकील त्याच्याकडं वळले. "सेटल म्हणजे दोघांच्या संमतीनं केस मिटवायची."

"मिटवा की. मिटली की जाईल नांदाया."

"मिटली की ती मोकळी."

"मोकळी म्हंजे?"

"म्हणजे मोकळी, काका."

"मग सेटल कोण हुणार?"

आरिफ वकिलांनी मॅडमकडं पाहिलं.

*

मॅडमनी टेबलावर हात ठेवला. "तो शब्द आता कुणी वापरायचा नाही. काय हवंय ते सरळ सांगा."

कृष्णराज: "म्हणजे ते... क्लिअर करायचं."

"हेही नको."

कडूबाई: "मिटवायचं."

"काय मिटवायचं? भांडण की लग्न?"

कडूबाईंनी लेकाकडं पाहिलं. लेकानं मोबाइलकडं.

"लग्न," तो म्हणाला. फार हळू.

मॅडम राजेश्वरीकडं वळल्या. पण बलभीमला राहवलं नाही. "राजे, तुला नांदायचंय का न्हाय?"

विचारलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की हे त्यानं वर्षभरात विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते असं, की पोरीनं व्हय म्हणावं. म्हणालीही होती.

"न्हाय, आण्णा."

"बरं." त्यानं खुर्ची तिच्याकडं सरकवली. "बरं. मग आपल्या घरी ऱ्हायचं. हाय का काय त्यात."

"न्हाय."

"आं?"

"तितंबी न्हाय. हितं धाराशिवात. दवाखान्यात काम मिळालंय, मैतरणीसंगं खोली बघितलीया. ते म्हणत हुते मी. सेट..." तिनं मॅडमकडं पाहून जीभ चावली.

टपरीवरच्या म्हाताऱ्याचा थोरला, जावई, लेक, बलभीमनं तिघांचं पुन्हा जुळवून पाहिलं. जाणं. सुटणं. राहणं. शब्द तिघांचा एकच होता. नाही, चौघांचा. त्याचंही जागच्या जागी बसणं होतंच की, ते कुठं गेलं?

मॅडमनी कागद केला, वाचून दाखवला. कृष्णराजनं सही केली. राजेश्वरीनं केली. बलभीमनं खिशातून चष्मा काढला, पेन घेतलं. कागदावर जागा सापडेना.

"मी कुठं करू?"

"तुमची सही लागत नाही, काका."

"बाप हाय मी."

"हो. तरी लागत नाही."

त्यानं पेन ठेवलं. मग उचलून परत मॅडमच्या हातात दिलं.

*

स्टँडवर बेंबळीची गाडी लागली होती. बलभीमनं चढून खिडकीची जागा धरली, शेजारी पिशवी ठेवली. कंडक्टर आला.

"बेंबळी. एक फुल, एक हाफ," तो सवयीनं म्हणाला.

"हाफ कोण?"

बलभीमनं खिडकीबाहेर बोट केलं. राजेश्वरी खाली फलाटावर उभी होती.

"त्या येणार हायत का?"

"न्हाय. खोली बघाया चाललीय."

"मग हाफ कशाला?"

"बायांना हाफच असतंय ना?"

"आवो काका, ज्या बसत्यात त्यांना."

"मग एक द्या."

गाडी मागं सरू लागली. राजेश्वरी हात हलवून काहीतरी सांगत होती. काचेतून ऐकू येईना. त्यानं काच सरकवायला घेतली तर ती अडकलेली. खाली तिचा हात वरखाली होत होता. पुढच्या आठवड्यात येते म्हणत होती, का तुम्ही या म्हणत होती, का नुसतंच जावा म्हणत होती. त्यानं तिन्हींना मान हलवली.