नाकाचा मिस्त्री

“ह्या पिर्थमीवर जे जे चालतं, ते श्वासावर चालतं,” कानिफनाथ मिस्त्री एक हात वर करून म्हणाले. “मानूस असो, बैल असो, न्हाईतर टर्बोची गाडी असो. आन् ज्याला दुसऱ्याचा श्वास वळखता येतो, त्यालाच मिस्त्री म्हनावं.”

यावर पुढच्या सीटवर बसलेल्या झुंबरबाईंनी गाडीचं दार उघडलं आणि मिस्त्रींच्या पायांपाशी भडाभडा ओकून टाकलं.

झुंबरबाई सोनईच्या. त्यांचा मुलगा अमृत कांद्याचा व्यापारी, आणि गाडी त्याची. त्याने आईच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि मिस्त्रींकडे वळला.

“मिस्त्री, गेल्या आठवड्यात तुमी हात लावल्यापासनं ह्या गाडीत बसवत न्हाई. एशी लावला की करपलेल्या तेलाचा वास. आई सोनईपासनं नाकाला पदर लावून बसलीय.”

“वास?” मिस्त्रींनी गाडीत डोकं घातलं, डोळे मिटले, ऊर भरून हवा ओढली. “कुठं हाय वास? म्या स्वता चालवून बघितली हुती. कायबी वास न्हाई.”

झुंबरबाईंनी चूळ भरली. “आरं कानिफा, मला म्हातारीला धड दिसंना, धड ऐकू येईना. पर वास येतोय. तुझं नाक काय बाजारात इकलंस व्हय?”

मिस्त्री हसले. हसताना त्यांच्या कपाळावर घाम आला.

घोडेगावात हायवेच्या कडेला, लिंबाखाली त्यांचं गॅरेज होतं. शेवगावपर्यंत त्यांना ‘नाकाचा मिस्त्री’ म्हणत. गाडी आली की ते पाना उचलत नसत. चालू इंजिनावरचं तेलाचं झाकण उघडत आणि आतून येणाऱ्या वाफेवर नाक धरत. इंजिनात जाळ होतो तेव्हा थोडा धूर पिस्टनच्या कडेने खाली तेलाच्या पोटात निसटतो आणि तेलाची वाफ अंगावर घेऊन वर येतो. त्या वाफेत गाडीचं सगळं पूर्वायुष्य असतं, असं मिस्त्रींचं म्हणणं. तेलात डिझेल उतरतंय, पाणी शिरलंय, की मालकाने स्वस्तातलं तेल ओतून वर शपथ घेतलीय, हे त्यांना एका हुंगण्यात कळायचं.

मागे एका तापात ते नाक गेलं. ताप उतरला, नाक काही परत आलं नाही. मिस्त्रींनी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. नाकाच्या मिस्त्रीचं नाक गेल्यावर उरतो तो नुसता मिस्त्री, आणि तसे हायवेला ढिगाने पडले होते. त्यांनी हुंगणं मात्र चालू ठेवलं. वाफेवर नाक धरायचं, डोळे मिटायचे, बराच वेळ गप्प राहायचं आणि मग गिऱ्हाइकालाच विचारायचं, “तुमाला सवताला काय वाटतं?” गिऱ्हाईक आपणच सगळा रोग सांगायचं आणि मिस्त्रींची वाखाणणी करत घरी जायचं. धंदा उलट वाढला होता.

वास आता फक्त झोपेत यायचे. दुपारी जेवून लिंबाखालच्या बाजेवर कलंडलं की डोळ्यांपुढे जुन्या जीपगाड्या ओळीने येऊन उभ्या राहायच्या. धूळ न उडवता, आवाज न करता. एकेक आपलं झाकण उघडायची, आणि निळसर वाफ लिंबाच्या फांद्यांतून वर चढायची. एकीला भाजल्या शेंगदाण्यांचा वास, एकीला ओल्या पोत्याचा, एकीला लग्नातल्या नव्या ट्रंकेचा. जाग आली तरी मिस्त्री हलायचे नाहीत. भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखे निपचित पडून राहायचे. मग हायवेने एखादा ट्रक जायचा आणि सगळं सांडायचं.

गेल्या आठवड्यात अमृतची गाडी आली होती ती धूर ओकते म्हणून. नव्या गाडीत ही वाफ नळीने टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, तोंडाशी नेऊन सोडतात. इंजिन आपली वाफ आपणच गिळतं. पण वाफेबरोबर तेलही जात होतं, टर्बोच्या पुढच्या पायपात साचत होतं आणि इंजिनात जळत होतं. मिस्त्रींनी जुन्या जीपगाड्यांचा उपाय केला होता. टर्बोकडच्या भोकाला बूच मारलं आणि नळी खाली रस्त्याकडे सोडून दिली. धूर थांबला. वाफ मात्र बॉनेटखाली कोंडून एसीवाटे आत येऊ लागली. ही गोष्ट सगळ्या सोनईला कळली; चालवून बघणाऱ्याला कळली नाही.

“खरं सांगा मिस्त्री,” अमृत आवाज खाली आणून म्हणाला, “तुमाला वास येतो ना?”

मिस्त्रींनी तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडलं असतं ते सांगता येत नाही, कारण तेवढ्यात मागच्या घरातून कडूबाई आल्या. मिस्त्रींच्या कारभारीण. मोरीवर कढई घासता घासता उठल्या होत्या; एका हातात तारेची घासणी, कोपरापर्यंत राख.

“त्यांला पडसं झालंय,” कडूबाई म्हणाल्या. “सांगत न्हाईत कुनाला. सरका वाईच.”

त्यांनी चालू इंजिनाच्या त्या लोंबत्या नळीवर वाकून हुंगलं. बॉनेटमधून निघालेली वाफ त्यांच्या पदराभोवती एक वेढा घेऊन विरून गेली.

“कढईत गोडं तेल इसरल्यावानी,” त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. “निसतं तापल्यालं. रॉकेलावानी न्हाई. वल्या चुलीवानी बी न्हाई.”

मिस्त्रींनी डोळे मिटले. हळूहळू त्या अंधारात एक कढई दिसू लागली, मग तेल, मग तेलावरची थरथर. रॉकेल नाही म्हणजे डिझेल उतरत नाही. ओली चूल नाही म्हणजे पाणी नाही. इंजिन निरोगी होतं. चूक नळीची होती, म्हणजे त्यांचीच.

“अमृतशेठ, नळी म्या चुकीची सोडली,” ते म्हणाले. “जीप समजून केलं. आगं, ती ताकाची बरनी आन बरं. फिरकीच्या झाकनाची.”

“आन् ताक?”

“ताक ह्या आत्याबाईंना दे. पोट थंड हुईल.”

बरणीच्या झाकणाला दोन भोकं पडली, दोन तोट्या बसल्या. मिस्त्रींनी कडूबाईंच्या हातातली घासणी काढून घेतली, राख झटकून धुतली, वाळवली आणि बरणीत कोंबली. इंजिनाची नळी बरणीत आणली, बरणीतून दुसरी काढून टर्बोच्या तोंडाला परत जोडली. आता वाफ तारेत अडखळायची, तेल खाली गळायचं आणि उरलेला वारा कोरडा होऊन इंजिनात जायचा.

“बाजाराच्या दिशी बरनी उघडून तेल वतून टाकायचं,” मिस्त्रींनी बजावलं. “इसरला तर पुन्यांदा धूर.”

एसी लावून झुंबरबाईंना आत बसवलं. त्यांनी पदर काढला, इकडेतिकडे मान फिरवून हुंगलं.

“आता बरं हाय,” त्या म्हणाल्या. “कानिफा, पडशाला ववा हुंगत जा.”

“व्हय आत्याबाई,” मिस्त्री म्हणाले, आणि एकदा नाकसुद्धा ओढून दाखवलं.

गाडी धूर न सोडता हायवेला लागली. उन्हं उतरली होती. लिंबाची सावली गॅरेज ओलांडून घराच्या उंबऱ्याला टेकली. दोघं बाजेच्या दोन टोकांना बसली.

“तुला कवापासनं ठावं हाय?” मिस्त्रींनी विचारलं.

“मागल्या थंडीत म्या चुलीवर निसतं पानी ठिवलं हुतं. तुमी आत आला, मान हलवली, म्हनला, आमटीला काय झ्याक वास सुटलाय.”

“मंग तवाच का बोलली न्हाईस?”

“एवढं मनापासनं म्हनला तुमी,” कडूबाई म्हणाल्या, “का मलाबी वाईच वास आल्यागत झालं.”

मिस्त्रींनी लिंबाकडे बघितलं. जाग असूनही जुन्या जीपगाड्या एकेक करून येऊन उभ्या राहत होत्या. वास येत नव्हता, पण त्या येत होत्या. सगळ्या आयुष्याला पुरेल असं काहीतरी बायकोला सांगावं, असं त्यांना फार वाटलं. ते उठून उभे राहिले. घसा खाकरला. एक हात वर केला.

“ह्या पिर्थमीवर...”

“आवं,” कडूबाई म्हणाल्या, “उठलाच हाय तर दुकानातनं एक घासनी आना. कढई तशीच पडलीय.”