केबिनमधलं रीडिंग

वसुंधराने किरणोत्सार मोजायचा मीटर ट्रेलरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला आणि आकडा स्थिर होईपर्यंत ती पायरीवर उभी राहिली. एकतीस. मीटर उचलून तिने पुन्हा ठेवला. एकतीसच. हातातल्या कागदावर, अणुवीज केंद्रातून निघालेल्या किरणोत्सारी कचऱ्याच्या पिंपांच्या यादीखाली, केबिनचं रीडिंग अठरा छापलेलं होतं. मर्यादा वीसची.

"अठराच लिवा, ताई," खाली उभा असलेला कमळाकर म्हणाला. गव्हाणचा हा माणूस अकरा वर्षं हाच ट्रेलर चालवत होता. "गाडी अडली तर फेरी जाईल. मना काय झालंय? हाय तसाच हाय."

"तुमच्यासाठीच लिहितेय, दादा."

पनवेलच्या या वाहतूक कंपनीत ती सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झाली त्याला दोनच महिने झाले होते. दुपारी तिने जुन्या फायली काढल्या. प्रत्येक फेरीला अठरा. आधीच्या माणसाने यार्डात उतरून मीटर कधी लावलाच नव्हता. फेऱ्या आणि तास मांडून तिने कमळाकरच्या अंगात गेलेल्या डोसची बेरीज केली. वर्षाची मर्यादा केव्हाच ओलांडली होती.

मॅनेजर सत्यजीतने कागद शेवटपर्यंत वाचला. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही.

"बरोबर आहे तुझं. कमळाकरला उद्यापासून गाडीवर बसवायचं नाही."

"आणि किरणं अडवायला केबिनमागे शिशाची प्लेट?"

"तिची मंजुरी यायला वर्ष जाईल. डोस मोजणारा बॅज लावलेल्या ड्रायव्हरला वीसच्या वर चालतं, नियमातच आहे. दर दोन महिन्यांनी ड्रायव्हर बदलू. कुणाचीच बेरीज वर्षाच्या मर्यादेपर्यंत जाणार नाही."

तिने नियमावली पुन्हा उघडली. बोट ओळींवरून फिरत राहिलं. ड्रायव्हर बदलू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी कमळाकर चाव्या द्यायला आला. चाव्या टेबलावर ठेवल्या आणि तिच्याकडे न बघता गेला.

पुढच्या सोमवारी नवा ड्रायव्हर तिच्यासमोर बसला. कल्पेश. तिशीतला, शर्टाला कोरा बॅज.

"असं काम याआधी केलंय?"

"नाय. सासऱ्यांनी पाठवलं. गव्हाणचे कमळाकर."

तिचं पेन थांबलं.

"त्यांनी अडवलं नाही तुम्हाला?"

"घरी बसावं लागलं म्हणून आधी लय तापलेले. मंग बोलले, जा बिनधास्त. तिथल्या ताई कागदावर खोटं लिवत नाय."

वसुंधराने मान खाली घातली. आधीचा एकूण डोस या रकान्यात तिने शून्य लिहिलं. केबिनचं रीडिंग, एकतीस. दोन्ही आकडे तिने पुन्हा तपासले. बरोबर होते. मग कागद त्याच्याकडे वळवून तिने सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

कल्पेशने न वाचताच सही केली.