फळसाखरेचं कोकम

हे गेले त्याच्या सातव्या दिवशी तुळसा कोकमाची बाटली मागायला आली, आणि मी ती दिली. आधी हेच सांगते. बाकीचं जे झालं ते नकळत झालं. हे कळून केलं.

तुळसा माझी धाकटी जाऊ. अंगण एक, चुली दोन. तिलाही साखरेचा आजार, यांना होता तोच. घरात बायका बसायला आल्या होत्या. सगळ्या एकच बोलत होत्या, की नवऱ्याची सेवा करावी तर हिने. तीन वर्षांत साखरेचा कण तोंडाला लागू दिला नाही, तरी देवाने नेलाच. मी मान हलवत होते. तुळसा उठताना कानाशी म्हणाली, माझी बाटली संपली, दुसरी दे. एवढ्या बायकांपुढे मी काय बोलणार होते? फडताळातून काढली आणि दिली. ती पदराखाली धरून गेली.

तीन वर्षांपूर्वी यांची साखर साडेतीनशेवर गेली, तेव्हा मी साखरेचा डबा उचलून गोठ्यात ठेवला. चहा बिनसाखरेचा झाला. पाहुण्यांनाही तोच. ज्याला गोड हवा त्याने आपल्या घरी प्यावा. हे तो प्यायचे, पण माणूस सुकत गेला. मे महिन्यात विकण्यासाठी कोकमाच्या साली साखरेत घालून बरण्या उन्हात ठेवल्या, की यांच्या तेवढ्या खेपा अंगणात. झाकण उघडायचे, वास घ्यायचे, परत लावायचे. म्हातारा माणूस असा बरणीचा वास घेत फिरतो, ते बघवत नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या नितेशने कुडाळहून पांढऱ्या भुकटीची पाकिटं आणली. तो तिथे कारखान्यात आहे. म्हणाला, आये, ही फळांची साखर, डायबेटीसवाल्यांना चालते असं दुकानदार सांगतो. दुकानदार काय, विष विकायचं असलं तर विषही चालतं म्हणेल. मी कोणाच्या शब्दावर जाणारी नव्हे. त्या साखरेत थोड्या साली घातल्या, आठ दिवसांनी यांना एक पेला दिला आणि दीड तासाने मशीनने बोट टोचून बघितलं. एकशे सव्वीस. भाताच्या दोन घासांनी दोनशेवर उडी मारणारं ते मशीन, आणि गोड पेल्याला एकशे सव्वीस. दुसऱ्या दिवशी परत बघितलं. तिसऱ्या दिवशीही.

आमच्याकडे काही ठरवायचं असलं की देवळात कौल लावतात. परशुराम गुरव गाऱ्हाणं घालतो, पाषाणाला ओले तांदूळ चिकटवतो. उजव्या अंगाचा दाणा पडला तर हो, डाव्या अंगाचा पडला तर नाही. एकदा कौल झाला की त्यावर कोणी बोलत नाही. मी मशीनचा तसाच कौल धरला. तीन वेळा उजवा.

मग नितेशकडून आणखी पाकिटं मागवून पाच मोठ्या बरण्या घातल्या. हे दिवसाला पाच-सहा पेले प्यायचे, पेल्याला पाकाचे दोन मोठे डाव. गालावर मांस आलं, पोट सुटलं. मी गावभर सांगितलं, डॉक्टरला दोन वर्षांत जमलं नाही ते मी एका भुकटीने केलं. तुळसाला हाक मारून पहिली बाटली दिली ती तेव्हाच. तिने मागितली नव्हती. तिला दाखवायचं होतं मला.

नऊ महिने झाले. एका सकाळी पोटात कळ आली म्हणून हे भिंतीला धरून बसले ते उठले नाहीत. रिक्षा, मग अँब्युलन्स, मग मोठं इस्पितळ. नितेश औषधं आणायला खाली गेला होता. तरुण डॉक्टर माझ्याकडे आला, हातात काचेची नळी. यांचं रक्त काढून ठेवलं होतं. खाली लाल आणि वर पांढरं, नारळाच्या दुधासारखं दाट.

"आजी, ही चरबी आहे," तो म्हणाला. "रोज काय गोड देत होता यांना?"

मी म्हटलं, काही नाही, साखर आमच्या घरात नाही. मग फळसाखरेचं सांगितलं. अभिमानानेच सांगितलं.

त्याने नळी खाली ठेवली. मग सावकाश सांगितलं त्याने. ती साखर तुमच्या मशीनला फारशी दिसत नाही, कारण ती बरीचशी आधी लिव्हरमध्ये जाते. लिव्हर तिची चरबी करतं आणि रक्तात सोडतं. डायबेटीसच्या माणसाचं लिव्हर आधीच चरबी करत बसलेलं असतं. यांची चरबी एवढी वाढली की स्वादुपिंड सुजलं. आधीचंही काही असेल, सगळं याच्यानेच झालं असं मी म्हणत नाही, असंही तो म्हणाला. ते बहुतेक माझं तोंड बघून.

"फळातली साखर बाधेल कशी?" मी विचारलं.

"फळं खाल्ली असती तर एवढी बाधली नसती. काजूचे बोंडू किती खाणार माणूस? दोन, चार. तुम्ही रोज पाच-पन्नास बोंडूंची साखर पेल्यात घालत होता."

हे चौथ्या दिवशी गेले. मी रडले नाही. अजून नाही. हात लाकडाचे असल्यासारखे वाटतात, जेवताना घास तोंडात गेला की नाही ते बघावं लागतं. डॉक्टर काय म्हणाला ते मी नितेशला सांगितलं नाही, कोणालाच नाही.

माझे सासरे सांगायचे, त्यांच्या वडलांनी विहिरीसाठी कौल घेतला होता. इथे पाणी लागेल का? उजवा. खणली, पाणी लागलं. खारं. देवाकडे भांडायला गेले तर गुरव म्हणाला, गोडं लागेल का असं तुम्ही विचारलंत कुठे? विचाराल तेवढ्याचंच उत्तर.

बाटली दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण ओलांडलं. तुळसा ओट्यावर बसली होती, शेजारी लाल पेला, अर्धा.

"तुळशे, ता पिव नको."

"कित्याक? तूच दिलंस मा काल?"

"तेच्यानीच ह्यांचा रगात पांढरा झाला. डॉक्टरान माका दाखवल्यान. मियां कोणाक सांगूक नाय."

तिने पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तुळसाची जीभ माझ्याहून लांब. चाळीस वर्षं आम्ही अंगणातल्या पाण्यावरून भांडलो. पण तेव्हा तिने आवाज चढवला नाही.

"काल म्हायत होता तुका?"

"होता."

"तरी दिलंस."

"दिलंय."

तिने पेला उचलून माझ्या हातात दिला. तो मी धरून उभी राहिले. ती म्हणाली, हे मी सगळ्या गावाला सांगणार. मी म्हटलं, सांग. ती म्हणाली, सांगतलंयच. मग आत जाऊन लुगडं बदलून आली.

एसटीने आम्ही कुडाळला गेलो. सुतकात कोणाच्या घरी जात नाहीत, पण रक्त तपासायला जाता येत असावं. कोणाला विचारलं नाही. वाटेत ती खिडकीतून बाहेर बघत होती, मी समोरच्या सीटच्या फाटलेल्या कव्हराकडे.

तपासणीच्या खोलीतली मुलगी तुळसाच्या हाताला पट्टा बांधताना म्हणाली, आजी, शुगर ना?

तुळसा माझ्याकडे वळली. "आता नीट विचार," म्हणाली. "माझ्या जीवाचो कौल आसा."

मी मुलीला सांगितलं, साखर तर बघच, पण रक्तातली चरबी बघ. लिव्हर बघ. आणि ती नळी जरा समोर ठेव, लगेच आत नेऊ नको.

तिला काय वाटलं कोण जाणे, पण तिने नळी टेबलावर उभी करून ठेवली. आम्ही दोघी बाकावर बसलो आणि वर पांढरं येतंय का ते बघत राहिलो.