वहीवरचा चहाचा डाग

थोरल्या भावाच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात गिटारवर सोलो वाजवायचा म्हटल्यावर धाकट्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. बोटं वेगात पळतात म्हणून घरात त्याला सगळे ‘उस्ताद’ म्हणायचे, आणि गंमत म्हणजे त्याला ते खरंच वाटायचं.

दादाने छापखान्यात छत्तीस वर्षं काढली होती. मशीनपाशी उभ्या उभ्या तो एकच चाल गुणगुणायचा, स्वतःच रचलेली. तीच त्याला वाजवून दाखवायचं ठरलं. वहिनी साथीला कॉर्ड वाजवणार आणि मधला सोलो, एकट्याने वाजवायचा तुकडा, उस्तादांचा. वहिनी औषधांच्या दुकानात काम करायची, गिटार चाळिशीनंतर शिकलेली.

तालमीच्या दिवशी तिने एक छोटी वही पुढे केली. प्रत्येक कॉर्डखाली तिचे तीन सूर, गोळ्यांच्या पाकिटावर लिहितात तसे सुटसुटीत.

“भाऊजी, कॉर्ड बदलली की तिच्यातल्याच एखाद्या सुरावर येऊन थांबलात तर? ई कॉर्डवर तुमचा जी बोचतो. तिच्यात जी शार्प आहे, अर्धा सूर वरचा.”

“वहिनी, तुम्ही आपल्या कॉर्ड सांभाळा. तीन सुरांत सोलो बसवायचा तर पाळण्यावरचं खेळणंच लावू की!”

सगळे खो खो हसले. उस्तादांनी चहाचा कप नेमका त्या उघड्या वहीवर टेकवला. वहिनीही हसली, पण जरा उशिरा.

समारंभाला छापखान्याचं जेवणघर भरलं होतं. उस्तादांनी सुरुवातच अशी धडाक्यात केली की मागच्या बाकावरचे लोक उभे राहिले. सगळी चाल ते एकाच स्केलमध्ये पळवत होते, कॉर्ड बदलली तरी तेच ठरलेले सूर. चाल उंच चढते तिथे ते ऐटीत थांबले, डोळे मिटून, जी वर. आणि त्याच क्षणी त्यांना कळलं, इथे ई कॉर्ड येणार. आता सूर सोडला तरी फजिती, धरला तरी फजिती.

पण सूर बोचला नाही. त्यांनी डोळे उघडले. वहिनीची बोटं ई वर नव्हतीच, ती सी वर गेली होती. सी कॉर्डमध्ये जी असतो. त्यांची चूक तिने अलगद झेलली होती, आणि मान वर करून पाहिलंही नव्हतं.

टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

“ती जागा पुन्हा एकदा!” दादा माईकवर म्हणाला. मग बायकोकडे वळून, “अगं, भाऊजींकडून चार सूर शिकून घे.”

“घेते की,” वहिनी म्हणाली.

उस्तादांचे कान तापले. माईक हाताच्या अंतरावर होता. ‘चुकलो, वहिनींनी सांभाळून घेतलं’ एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा तोच जी वाजवला, या वेळी जाणूनबुजून. वहिनी मुकाट्याने पुन्हा सी वर गेली. पुन्हा टाळ्या पडल्या. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

लोक पांगल्यावर वायरी गुंडाळताना त्यांनी हळूच विचारलं, “वहिनी, ती वही द्याल?”

तिने पर्समधून काढून दिली. चहाचा गोल डाग बरोबर ई च्या ओळीवर पडला होता, अक्षरं पसरली होती.

दादा शेजारीच खुर्च्या लावत होता. “तिथे जी शार्प आहे,” तो म्हणाला.

उस्ताद गर्रकन वळले. “तुला कळलं होतं?”

“चाल माझी आहे रे. छत्तीस वर्षं गुणगुणतोय.” दादाने खुर्ची भिंतीला टेकवली. “तू बोलशील, असं वाटलं होतं. म्हणून तर पुन्हा वाजवायला लावलं.”

उस्तादांना मान वर करवेना. वहिनी खाली बसून उरलेली वायर गुंडाळत होती.