न विरघळणारी पांढरी पूड

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी, जड पूड आहे. सोलापुरातल्या एका एक्स-रेच्या दवाखान्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर माझी बरणी आहे. माझं नाव बेरियम सल्फेट. बरणी लहान दिसते म्हणून कोणी एका हाताने उचलायला जातो आणि दचकतो. आमच्या घराण्याला वजनच फार.

घराण्यातला मूळ पुरुष म्हणजे बेरियम धातू. चांदीसारखा चकाकतो, पण सुरीने कापता येईल इतका मऊ. हवा लागली की काळवंडतो, म्हणून त्याला तेलात बुडवून ठेवतात. माझी एक बहीण, बेरियम नायट्रेट, दारूकामात गेली. संक्रांतीला इथल्या गड्ड्याच्या जत्रेत आभाळात हिरवा उजेड फुटतो ना, तो तिचा. दुसरी, बेरियम क्लोराइड, मिठासारखी पाण्यात विरघळते आणि म्हणूनच विषारी ठरते. मी विरघळत नाही. पोटात जाते आणि कुणाला न बाधता तशीच बाहेर पडते. एक्स-रेचे किरण मात्र माझ्यातून पार जात नाहीत. मी पोचते तिथे फोटोत पांढरं उमटतं. मला वाट मिळत नाही तिथे काळी जागा राहते. एवढ्या गुणावर मी किती जणांची दुखणी दाखवली. डॉक्टर माझं नाव कौतुकाने घेत.

एका हिवाळ्यात अक्कलकोटकडच्या खेड्यातून निंगव्वा नावाची म्हातारी आली. सोबत सून भुवनेश्वरी. निंगव्वाला जेवण जात नव्हतं, लुगडं अंगावर सैल झालं होतं. फोटो काढणाऱ्या शरणप्पाने मला पाण्यात कालवून पेला तिच्या हाती दिला.

"चुना हाय व्हय रं ह्यो?"

"चुना न्हाय, आज्जी. औषध समजा आन् प्या."

"ह्याच्यापरीस माझ्या सुनेचं ताक बरं."

"घरी तर त्यालाबी नावं ठेवता की," भुवनेश्वरी म्हणाली.

फोटोत माझ्या पांढऱ्यात एक काळा डाग दिसला. डॉक्टरांनी विचारलं, "काही खाऊन आलात का?"

"न्हाय की. रातीपासनं पाणीबी न्हाय. वाटंत मठात मूठभर फुटाणं-खोबरं मिळालं, तेवढंच. देवाचा प्रसाद नगं म्हणायचा व्हय?"

"मग हे फुटाणे आहेत की गाठ, ते मला सांगता येणार नाही. आठ दिवसांनी पुन्हा या. प्रसादसुद्धा खायचा नाही."

दाराशी निंगव्वा हसली. "प्रसादच हाय त्यो. उगा घोर लावत्यात." भुवनेश्वरीचाही चेहरा सैल झाला. डाग प्रसादाचाच, म्हणजे दुखणं काही नाही, असं दोघींना वाटलं.

आठ दिवसांनी त्या आल्या नाहीत. गड्ड्याची जत्रा झाली, माझ्या बहिणीचा हिरवा उजेड आभाळात विझला. ऊन तापल्यावर त्या आल्या, तेव्हा निंगव्वाला दोघांनी धरून आत आणावं लागलं. तिने पेला मुकाट्याने संपवला. ताकाचं नाव काढलं नाही. भुवनेश्वरीने मठातला प्रसाद या वेळी पदराला गाठ मारून आणला होता.

पोट रिकामं होतं. काळा डाग त्याच जागी होता, आणि वाढला होता.

"तवाच आलो असतो तर?" भुवनेश्वरीने विचारलं.

बाहेर बाकावरून निंगव्वा म्हणाली, "काय म्हनले गं? प्रसादच हाय न्हवं?"

"व्हय आत्या," भुवनेश्वरी म्हणाली. "प्रसादच हाय."

पदराची गाठ तिने सोडली नाही.

त्यानंतर निंगव्वा कधी आली नाही. आता घशातून कॅमेरा घालून पोट बघतात. माझी बरणी महिनोन् महिने कोणी उघडत नाही आणि झाकणावर धूळ बसते. पाण्यात मला कितीही ढवळा, मी शेवटी तळाशी येऊन बसते. ही आठवणही माझ्या तळाशी तशीच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं, तर त्यांना घेऊन जा. त्या दिवशी नसलं जमत तर दुसऱ्या दिवशी जा, पण जा. वाटेत प्रसाद मिळाला तर नको म्हणू नका. पदराला गाठ मारून आणा आणि फोटो झाल्यावर खा. पहिल्या खेपेला निंगव्वाला तेवढंच कुणी सांगितलं नव्हतं.