नाल्यातल्या बांबूतली टिटवी

वामनराव फारेस्टर म्हणजे कानाचा पक्का माणूस, आणि ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत. चौऱ्याऐंशीचा मे महिना, निवृत्तीला चार दिवस उरलेले. नवे रेंजरसाहेब बोलून गेले होते, "नाल्याच्या पट्ट्यातले साठ पक्षी लिहून द्या, विश्रामगृहात तुमच्या नावाचा फलक लावतो." झालं! म्हातारा हट्टाला पेटला.

सत्तावन्नावर गाडी अडली. मग एका सकाळी नाल्यातल्या बांबूच्या दाट रांजीतून, म्हणजे बेटातून, आवाज आले. टिटवी! मागोमाग चंडोल, मग तित्तर. दिसलं काहीच नाही. वामनरावांनी तिघांची नावं मोठ्यानं म्हणत लिहून साठ पुरे केले.

टोपल्यांसाठी बांबू तोडणारी मंगली तिथंच होती. यादी ऐकून ती पोट धरून हसली.

"भाऊ, टिटवी काय बांबूत बसते? ते तर उघड्या बांधावरची! चंडोल, तित्तरबी वावरातलेच."

"मंग कोण ओरडून राह्यला, तुहा बाप?"

"एकच हाय. दुसऱ्याची नक्कल करते, मधी मधी आपलं गोड गाणं म्हणते. आयका."

वामनरावांनी श्वास रोखला. टिटवी संपली अन् लांबलचक शीळ आली, काळजात उतरणारी. आता डोकं चाललं. नकला तर कोतवाल पक्षीही करतो, पण तो शेंड्यावर बसून मिरवला असता. हा ओल्या सावलीत, खाली लपलेला. म्हणजे शामा! तीस वर्षं नाल्यातून फिरलो अन् याला ओळखलं नाही, याची त्यांना भारी लाज वाटली.

तेवढ्यात रेंजरसाहेब आले. यादी पाहिली, कान दिला अन् म्हणाले, "वा, टिटवी! आणि चंडोल! झाले की साठ."

मंगली तोंडाला पदर लावून गप्प. वामनरावही गप्प राहिले असते तर फलक घरबसल्या मिळत होता.

"नाई साहेब," ते म्हणाले. "हा एकटा शामा हाय. तीन खोडा, एक लिहा. अठ्ठावन्न झाले."

साहेब चपापले, मग हसले. "अहो, राहू द्या साठ. कोणाला कळतंय?"

"या मंगलीले कळते. आता मलेबी कळते."

त्यांनी स्वतःच पेन घेतला, तिन्ही नावांवर काट मारली आणि खाली 'शामा' लिहिलं. मग बांबूकडे तोंड फिरवून उभे राहिले.

"भाऊ, रडून राह्यले का?" मंगलीनं विचारलं.

"हो, रडून राह्यलो! गप बस अन् आयकू दे मले."